खुंटीवरची कातरी

आमच्या घरात गरवार बाईच्या हातात कातरी देत नसत. बाकीच्यांच्यात हे ग्रहणापुरतं पाळतात. आमच्यात दिवस गेले की बाळंत होईपर्यंत. का, ते आईलाही माहीत नव्हतं. तिच्या सासूनं तिच्या हातची काढून घेतली होती, म्हणून तिनं सुनेची काढून घ्यायची, एवढाच हिशेब. घरात नुसता शाळू नि भुईमूग होता तोवर त्यानं कुणाचं काही अडलं नाही, विळ्या-खुरप्याला बंदी नव्हती. पण तासगावच्या अंगाला द्राक्षाच्या बागा उठल्या, आम्हीही मांडव घातला, आणि कातरीशिवाय पान हलेना.

माझी बायको विरळणीला सगळ्यात हुशार. ज्यांना बागेचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घडात मण्यांची दाटी होते. मणी ज्वारीएवढा हिरवा असतानाच बारीक कातरीनं मधले मधले काढून टाकायचे, म्हणजे उरतात ते फुगतात आणि वेलीलाही झेपतं. कुठला ठेवायचा नि कुठला पाडायचा हे बघायला दुसऱ्या बायका घड फिरवून फिरवून बघत. ही बोलता बोलता करायची.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. दिवाळी झालेली, विरळणी तोंडावर आलेली. एका सकाळी आईनं बायकोच्या कमरेची कातरी काढली आणि दारामागच्या खुंटीला टांगली. मी अंगणात दात घासत होतो. तोंडातली राख तशीच राहिली.

दुसऱ्या कुणाच्या घरी ही आनंदाची गोष्ट झाली असती. आमच्या घरी नव्हती. बायकोला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता आणि त्यानं काळजाची झडप बिघडवून ठेवली होती. दोन मुली झाल्या तोवर कळलं नाही. तिसऱ्या खेपेला, मुलाच्या वेळी, तिचे पाय खांबासारखे सुजले. तिला आडवं होता येईना, भिंतीला टेकून बसल्या बसल्या ती श्वास ओढायची. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच मला बजावलं होतं, की पुन्हा हे झालं तर मूल तर जाईलच, पण बाईही हाताला लागणार नाही. तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करायला त्यांची छाती होईना. पुरुषांची शस्त्रक्रिया तेव्हा आमच्याकडं चावडीवरच्या टिंगलीचा विषय होता. मी ती पुढं करून घेतली, आणि चावडीवर जाऊन सांगितलीही. पण ते पुढं.

आम्ही सांगलीला गेलो. बाईंनी नळी लावून छाती ऐकली आणि म्हणाल्या, आता कायदा झाला आहे, चोरून काही करायचं कारण नाही, दवाखान्यात रीतसर पिशवी रिकामी करता येते. पण तिसरा महिना संपायच्या आत या. उशीर कराल तर मग तेही तिच्या काळजाला झेपायचं नाही.

माझ्या मते ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तीन पोरं घरात आहेत, त्यांना आई पाहिजे, मला बायको पाहिजे. मी त्याच दिवशी तयार होतो. पण ती तयार होईना. नाही म्हणेना आणि हो म्हणेना. घरी येऊन चुलीपुढं बसायची ती बसायचीच. मी विचारलं की भाकरी थापत राहायची. आणि मला बसवत नाही. मला लहानपणापासून बसवत नाही, चौथीत शाळा सोडली ती त्यासाठीच. मी सोडली, मास्तरांनी काढलं नाही. मी ओटीवरून परड्यात, परड्यातून ओटीवर. असं आठवडाभर चाललं.

शेवटी ती म्हणाली, "दादाला इचारून या. ह्यात पाप हाय का न्हाई."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मेव्हणा. साताऱ्यात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. ग्रीक लोकांचं तत्त्वज्ञान. ग्रीस देश कुठं आहे हे मला माझ्या लग्नात कळलं, तेही त्यानंच सांगितलं, आणि मी म्हणालो, एवढ्या लांबची माणसं शिकवायला आपल्याकडची संपली काय. त्यावरून आमचं जुंपलं ते कायमचं. मी त्याला मास्तर म्हणायचो, प्रोफेसर म्हटलेलं त्याला आवडतं म्हणून. तो मला दाजी म्हणायचा आणि माझ्यासमोर इंग्रजी पेपर उघडून बसायचा. त्याच्याकडं विचारायला जाणं म्हणजे मला कातडी सोलून देण्यासारखं होतं. पण ती म्हणाली म्हणून मी गेलो. शेंगांचं पोतं खांद्यावर घेतलं, तासगावहून कराड, कराडहून सातारा. कराडच्या स्टँडवर गाडी लागायला उशीर झाला तर मी तेवढ्यात दोनदा कंट्रोलरशी भांडलो.

त्याच्या खोलीला कुलूप. शेजारी म्हणाले, साहेबांचं व्याख्यान आहे वाचनालयात. मी पोतं त्याच्या दारात टाकलं आणि वाचनालयात गेलो. हॉल भरलेला. वकील, मास्तर, पोरं, पुढच्या दोन रांगांत बायका. आणि विषय काय, तर हाच. नवा कायदा आणि ग्रीकांचा विचार. वाटलं, मी कराडात भांडत होतो तेव्हा देवानं इथं माझ्यासाठी सभा भरवली.

तो चांगला बोलायचा, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं. त्यानं सांगितलं, ग्रीकांचा एक मोठा गुरू होता, तो म्हणायचा, पोटातला गर्भ आधी झाडासारखा असतो, नुसता वाढणारा. मग जनावरासारखा होतो, त्याला दुखतं-खुपतं. माणूस तो सगळ्यात शेवटी होतो. आणि जाणीव यायच्या आत काढला तर चालेल, असं त्याचं मत. मुलगा असेल तर चाळीस दिवसांनी हलतो आणि मुलगी असेल तर नव्वद. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मागच्या बाईकडं वळून बघितलं आणि दोघी हसल्या. मीही हसलो. माझी थोरली मुलगी आईच्या पोटात धाकट्या मुलापेक्षा लवकर लाथा मारायला लागली होती, हे त्या गुरूला कुणी सांगायला पाहिजे होतं.

मग म्हणाला, त्यांच्यातले वैद्य चेल्यांकडून शपथ घेत, की बाईला गर्भ पाडायचं औषध देणार नाही. आणि त्याच वैद्यांच्या पोथ्यांत एका गाणाऱ्या पोरीची गोष्ट आहे. तिला दिवस गेले तर तिला उड्या मारायला सांगितलं, टाचा ढुंगणाला लागतील अशा, आणि ते पडलं. म्हणजे शपथ एकीकडं आणि गरज एकीकडं, हे तिथंही होतं. आणखी एक पंथ होता. त्यांचं म्हणणं, पोटातलं मूल म्हणजे झाडाचं फळ. झाडाचाच भाग. बाहेर येऊन गार हवा लागली की मगच त्याच्यात जीव भरतो. लोहार तापलेलं लोखंड पाण्यात बुडवतो आणि ते एकदम कडक होतं, तसा.

हे मला पटलं. एकदम पटलं. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्यानं विचारलं, "मग ह्यातला खरा कुठला?"

सगळा हॉल मागं वळला. धोतर, टोपी, पायाला कराडच्या स्टँडची धूळ. माझ्याकडं बघून मेव्हण्याचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, हाच प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येकानं स्वतः शोधायचं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा जळफळाट झाला. मी उत्तर मागितलं होतं, त्यानं प्रश्नाला शाबासकी दिली.

खोलीवर आल्यावर त्यानं स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. मी शेंगांचं पोतं उसवलं. तो म्हणाला, दाजी, तुम्ही व्याख्यानाला आलात, मला फार बरं वाटलं. मी म्हणालो, मी व्याख्यानाला आलो नाही. आणि मग सांगितलं. आमच्यात तीन महिने होईपर्यंत माहेरी कळवत नाहीत, त्याला काही ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, काळीज कसं आहे, मुलाच्या वेळी काय झालं होतं, सगळं सांगितलं. चहा उतू गेला आणि स्टोव्ह विझला.

"पाप हाय का न्हाई, एवढंच तिला पायजे," मी म्हणालो. "तू सांगशील ते ती ऐकंल."

तो उठला. कपाटातून एक पुस्तक काढलं, ठेवलं, दुसरं काढलं. पानं उलटून परत मिटवली. म्हणाला, "दाजी, हे असं एका शब्दात सांगता येत नाही."

"हॉलात तासभर सांगत हुतास की मास्तर."

"हॉलात माझी बहीण नव्हती."

त्यानंतर मी त्याला पुष्कळ बोललो. ते इथं लिहीत नाही. तो एकाही शब्दाला उलटला नाही, हेच मला जास्त लागलं, कारण भांडायला समोर माणूस पाहिजे. तो म्हणाला, मला आठ दिवस द्या, मी स्वतः येतो आणि तिच्याशी बोलतो. मी म्हणालो, तिच्या पोटातलं तुझ्या रजेसाठी थांबायचं नाही. त्यानं जेवायला आग्रह केला, मी थांबलो नाही. स्टँडवर येऊन पहिली मिळेल ती गाडी धरली.

गाडीत मला काही सुचेना. सगळे ग्रीक डोक्यात मिसळून गेले होते. चाळीस दिवसांचा कोण आणि शपथेचा कोण, कराड येईपर्यंत माझा घोळ झाला. एक तेवढं नीट राहिलं, झाडाचं फळ. मी ते घोकत आलो. शेजारी एक पलूसचा माणूस बसला होता, त्यालाही सांगून बघितलं. तो म्हणाला, असंल बाबा, आणि खिडकीकडं तोंड करून झोपला.

घरी ती नव्हती. मांडवाखाली विरळणी सुरू झाली होती. बायका ओळीत उभ्या, हात वर, कातऱ्यांचा चुटचुट आवाज, खाली हिरव्या मण्यांचा सडा. ती बांधावर बसली होती, कातरी नव्हती म्हणून नुसती देखरेख करत. ह्या वेलीला दोन घड जास्त ठेवलेत, त्या घडाचे खांदे काढा, असं सांगत. मी तिच्याजवळ गेलो, खालचा एक मणी उचलून तळहातावर घेतला, आणि गाडीत घोकलेलं सगळं म्हणून दाखवलं. फळ. झाडाचाच भाग. हवा लागल्याशिवाय जीव नाही. वेलीला झेपत नसलं की आपण मणी काढतोच की, त्यात पाप कुठलं. आणि शेवटी म्हणालो, असं दादा म्हणाला.

दादा म्हणाला होता का? म्हणाला होता. हॉलात म्हणाला होता, शंभर माणसं साक्षीला होती. मी काही खोटं बोललो नाही आणि आजही तसं कबूल करणार नाही.

तिनं माझ्या हातातला मणी घेतला. नखानं चिरला. आत बी नाही, आमची बिनबियांची जात. मग तो टाकून दिला.

"दादा असं म्हनला, का कुनीतरी असं म्हनलंय असं म्हनला?"

तिचा भाऊ तो, त्याचं बोलणं ती ओळखून होती. मी दुसरा मणी उचलायला वाकलो.

"आवं, मी तुमाला दादाकडं का धाडलं म्हाईत हाय? तुमी घरात येरझाऱ्या घालत हुता. तुमी घरात असला की मला इचार करता येत न्हाई." बायकांनी ऐकलं असावं, कातऱ्या थोड्या हळू झाल्या. तिनं आवाज खाली घेतला. "माझा इचार झालाय. उद्या सांगलीला जाऊ. पन त्याला फळ म्हनू नगा. तिघांच्या वक्ताला जे हुतं तेच हे हाय. मला कळतंय की. जीव हाय, आनि त्यो मी घालवतीय, तिघांसाठी. पाप असंल तर माझं. न्हाई असंल तर बरंच. पन फळ न्हाई."

मी म्हणालो, अगं, पण पाप नाही असं ग्रीक लोक...

"त्यास्नी पोट हुतं काय?" ती म्हणाली, आणि पलीकडच्या बाईला ओरडली की शेंडा कापू नको, मणी काप.

दुसऱ्या दिवशी सांगलीला गेलो. नवरा म्हणून सही करावी लागेल, हे मी धरूनच चाललो होतो. मला सही येते, वळणदार येते. कडक इस्त्रीची टोपी घातली होती. डॉक्टरीणबाईंनी बायकोला आत घेतलं आणि दार लावलं. बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली. मी उठलो, म्हणालो, कुठं करायची सही. ती म्हणाली, तुमची लागत नाही, तुमच्या मंडळींचीच लागते, त्यांनी केली. मी म्हणालो, मी नवरा आहे. ती म्हणाली, म्हणूनच बाहेर बसा.

मी बसलो नाही. दवाखान्याभोवती फेऱ्या घातल्या. मग पेठेकडं गेलो. हळदीच्या अडतीपुढं पोती उतरत होती, सगळी गल्ली पिवळी धमक, नाकात धुरळा. तिथून घाटावर गेलो. नदीत पाणी कमी होतं, पायऱ्यांवर धुणी वाळत टाकलेली. तिथंही थांबवेना. परत दवाखान्यात. मला सारखं वाटायचं, मी इकडं असताना तिकडं काहीतरी होईल, आणि तिकडं गेलो की वाटायचं, माझ्याच उभं राहण्यानं काहीतरी बिघडेल. दुपार टळल्यावर बाईंनी बोलावून सांगितलं, काळजानं साथ दिली. मी टोपी काढून हातात घेतली, तर तिची इस्त्री पार गेली होती.

ती वाचली. कळावं म्हणून आत्ताच सांगतो, ती पुढं दोन्ही पोरींचे जावई बघून, नातवंडं मांडीवर घेऊन गेली.

चार दिवस विसावा घेतला आणि ती बागेत आली. विरळणी ऐन भरात. मी खुंटीवरची कातरी काढून आणली आणि तिच्यापुढं धरली. आता बंदी कसली. तिनं कातरीकडं बघितलं आणि म्हणाली, "राहू दे खुंटीला." आणि बांधावर जाऊन बसली, आधी बसत होती तिथंच.

मला वाटलं, अशक्तपणा असेल. पंधरवडा गेला. विरळणी संपली, तिनं कातरी धरली नाही. संक्रांत झाली. माघात द्राक्षं उतरायला आली. घड देठापासून कातरून पाटीत ठेवायचे असतात, सगळ्यात नाजूक काम, आणि सगळं घर हाताखाली पाहिजे. ती पाट्या वाहायची, कागद अंथरायची, घड निवडायची. कातरी नाही. कामाच्या बायका आपसात बोलायला लागल्या, की सांगलीला जाऊन आली ती खोटंच, हिला अजून दिवस हायेत. मी आईला म्हणालो, तू सांग तिला. आई म्हणाली, "मी काढून घेतली हुती, ती तवा. आता तिची तिनं ठेवलीय. मी कोन सांगनार?" आईचीही दोन बारकी आमच्या बांधावरच्या चिंचेखाली होती, दात यायच्या आधी गेलेली, म्हणून मातीत ठेवलेली. "ह्याला तर माती पन मिळाली न्हाई." एवढंच आई बोलली आणि सुपातलं धान्य पाखडत राहिली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की गेलेल्याचे नऊ महिने ती भरते आहे.

मेव्हणा आला तो द्राक्षं उतरताना. आठ दिवस म्हणाला होता आणि एवढ्या दिवसांनी आला. बहिणीला तोंड कसं दाखवू ह्या लाजेत राहिला असावा. तिनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला. तो मांडवाखाली फिरत राहिला. मग मला बाजूला घेऊन विचारलं, ही कातरी का धरत नाही? मी सांगितलं. माझ्या मनात होतं, आता हा एखादा ग्रीक काढेल, आणि काढला असता तर मी त्याला बांधावरून खाली लोटला असता. त्यानं चष्मा पुसला. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "दाजी, तिची कातरी मला द्या."

प्रोफेसर माणूस. पहिल्याच घडाला देठ एवढासा ठेवला, घड हातातून निसटून पाटीत आपटला, मण्यांवरची पांढुरकी लव सगळी बोटाला. दुसऱ्याला तेच. बांधावरून बहीण ओरडली, "दादा, देठ लांब ठेव. आनि हात लावू नगं मन्यास्नी, पोरगीचा गाल हाय व्हय त्यो?" बायका खो-खो हसल्या. तोही हसला, आणि हसता हसता त्याला पुढचं दिसेना, म्हणून त्यानं पुन्हा चष्मा काढला. चार दिवस राहिला. रोज तिची कातरी घेऊन उभा राहायचा, रोज शिव्या खायचा. मी त्याला त्यानंतर मास्तर म्हटलं नाही. प्रोफेसरही म्हटलं नाही.

चैत्रात खरड छाटणी झाली, फळ उतरल्यावर वेल पार आखूड करतात ती, तीही तिच्याशिवाय. उन्हाळा गेला. मला ते दिवस फार जड गेले. भांडण असतं तर भांडलो असतो, रडली असती तर गप्प केलं असतं. ती हसत होती, पोरांना मारत होती, बाजाराला जात होती. फक्त खुंटीवर ती कातरी, आणि येता-जाता माझा डोळा तिच्यावर. झाडाचं फळ म्हणणारे ते ग्रीक मला आठवायचे. पुष्कळदा वाटायचं, त्यांचंच बरोबर असेल, आणि वाटायचं, असेलही बरोबर, पण ही महिने भरते आहे त्याचं काय करू? अजूनही माझं ह्यावर ठरत नाही. मी हट्टी माणूस, माझं सगळ्यावर ठरलेलं असतं.

मृग निघाला. वेलीच्या नव्या काड्या हातभर वाढल्या होत्या, शेंडे मारायचे राहिले होते. मी ओटीवरून परड्यात, परड्यातून ओटीवर. ती आतून आली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि खुंटीवरची कातरी काढली. उघडून मिटून बघितली. पात्याला गंजाची तांब चढली होती. अंगठ्यावर धार तपासली.

"धार गेलीय," ती म्हणाली. "दादानं पार वाट लावलीय हिची. तासगावला जाऊन लावून आना."

मी चपला घालायला थांबलो नाही.